चौकशीच्या खुर्चीतून उशाशी

मोठ्या सरकारी रुग्णालयात गेलात तर समाजसेवा विभागाच्या दाराशी रांग दिसेल. कुणाला औषधासाठी ट्रस्टची मदत हवी असते, कुणाला बिलात सवलत. समाजसेवक म्हणजे अर्ज भरून देणारा माणूस, अशी त्याची ओळख आहे. ती जुनीच म्हणायची. १८९५ साली लंडनच्या रॉयल फ्री रुग्णालयात मेरी स्टुअर्ट यांना नेमले ते मोफत उपचार घेणाऱ्यांत खरोखर गरीब कोण, हे तपासायला. या पदाला ‘आल्मोनर’ म्हणत. चौकशी करता करता या बायकांना घराघरांतली दुखणी कळू लागली.

सिसिली साँडर्स मूळच्या नर्स. पाठीने दगा दिला म्हणून त्या आल्मोनर झाल्या. १९४७ मध्ये त्यांच्याकडे डेव्हिड टास्मा नावाचा रुग्ण आला. वॉर्साहून आलेला ज्यू, वेटरचे काम करणारा, कर्करोग हाताबाहेर गेलेला आणि लंडनमध्ये जवळचे कुणी नाही. कागदपत्रे केली की बाईंचे काम संपत होते. पण त्या त्याला भेटत राहिल्या. शेवटचे दिवस शांतपणे काढता येतील अशी जागा कशी असावी, यावर दोघे बोलत. फेब्रुवारी १९४८ मध्ये तो गेला. त्या घराची एक खिडकी आपली असावी, म्हणून ५०० पौंड ठेवून गेला!

घर उभे राहायला १९ वर्षे लागली. डॉक्टर झाल्याशिवाय डॉक्टर ऐकणार नाहीत, म्हणून बाई मधल्या काळात वैद्यक शिकल्या. १९६७ मध्ये सेंट क्रिस्टोफर्स हॉस्पिस सुरू झाले. वेदना शरीराची तशी मनाची, घरच्या काळजीची, पैशाची आणि श्रद्धेचीही असते, हा विचार त्यांनी मांडला. आल्मोनरच्या खुर्चीवर बसल्याशिवाय तो सुचला असता, असे मला वाटत नाही.

मग असे काम करणाऱ्याला शिकवायचे काय? सर्वांत अवघड म्हणजे गप्प बसणे. ‘सगळे ठीक होईल’ हे वाक्य तोंडून न काढणे. रुग्णाला किती ठाऊक आहे आणि किती ऐकायचे आहे, हे त्यालाच विचारणे. आणि तो गेल्यावर मागे राहिलेल्यांना न विसरणे. मनोविकारतज्ज्ञ कॉलिन मरे पार्क्स यांनी सेंट क्रिस्टोफर्समध्ये यासाठी स्वयंसेवक तयार केले. ज्यांना हे दुःख झेपणार नाही अशी शंका असेल, त्यांच्या घरी ते जात.

आपल्याकडे समाजकार्याची पहिली शिक्षणसंस्था १९३६ साली मुंबईत निघाली. तीच आजची टाटा समाजविज्ञान संस्था. १९४६ मध्ये जे. जे. रुग्णालयात पहिला वैद्यकीय समाजसेवक नेमला गेला. देशातले पहिले हॉस्पिस, वांद्र्याचे शांती अवेदना, सुरू झाले १९८६ मध्ये. मधली चाळीस वर्षे ‘आता घरी न्या’ हे ऐकून परतणाऱ्या कुटुंबांशी काय बोलायचे, हे ज्याचे त्याने आपल्या बुद्धीने ठरवले असणार.

तेराव्यापर्यंत आपले घर माणसांनी भरलेले असते. चौदाव्या दिवशी पाहुणे जातात आणि कालपर्यंत बँकेची पायरी न चढलेली बाई मृत्यूचा दाखला घेऊन पेन्शनच्या खिडकीपुढे उभी राहते. तो अर्ज भरून द्यायला बसलेल्या समाजसेवकाने सह्या झाल्यावर लगेच ‘पुढचा कोण?’ विचारायचे की नाही, हेही शिकवावेच लागते.