ऋषीचं कूळ आणि खिचडीचं मूळ

नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ शोधू नये, असं आपल्याकडे सांगून ठेवलेलं आहे. त्या यादीत खिचडी घालायची राहून गेली. ती घातली असती तर माझे गेले तीन-चार महिने सुखात गेले असते.

आमच्या घरी शनिवारी रात्री खिचडी असते. भिंतीवर कॅलेंडर नसलं तरी कुकरच्या वासावरून वार कळावा, इतकं हे पक्कं. खिचडीही ठरलेली. मुगाची डाळ जराशी खमंग भाजलेली, तांदूळ आंबेमोहोर, बेताचा गोडा मसाला, वर ओलं खोबरं, तुपाची धार, शेजारी ताकाची कढी आणि पोह्याचा पापड. पहिला घास घेतला की मी डोळे मिटून म्हणतो, "वा! थेट आईची खिचडी!" हे वाक्यही ठरलेलं. आई १९८६ साली गेली. पण शनिवारी रात्री पावणेनऊच्या सुमाराला ती पाच मिनिटं घरी येऊन जाते, असा माझा आपला समज होता.

गेल्या पावसाळ्यात सूनबाईंच्या डोक्यात आलं, की दर शनिवारी एकेका प्रांताची खिचडी करून बघावी. सूनबाई इंदूरच्या. बोलणं असं गोड, की नाही म्हणायची सोयच राहत नाही. "बाबा, सगळे मिळून करू या नं! मजा येईल." सगळे मिळून म्हणजे चिरंजीव कांदा चिरणार, नात डाळ धुणार, ही फोडणी घालणार आणि मी म्हणे चव बघणार.

मी घसा खाकरून एक छोटंसं भाषण केलं. पोळी आहे, भाजी आहे, त्यांच्यावर खुशाल प्रयोग करा, पण खिचडी ही परंपरा आहे. आजारातून उठलेला माणूस, प्रवासातून दमून आलेला माणूस, परीक्षेत नापास झालेला मुलगा, या सगळ्यांना जी पोटाशी धरते तिच्याशी खेळ करू नये. भाषण बरं झालं होतं. पण आमची नात चौथीत आहे, आणि चौथीतल्या मुलांना शिवाजी महाराजांचा इतिहास असल्यामुळे प्रत्येक गोष्टीला सनावळी लागते.

"आजोबा, परंपरा म्हणजे किती जुनी? साल सांगा."

मी अडतीस वर्षं बँकेत काढली आहेत. व्हाउचरशिवाय रुपया हलू दिला नाही. म्हटलं, "पुराव्यानिशी सांगतो. थांब तू." आणि दुसऱ्या दिवशी सकाळी डबल रोटी खाऊन वाचनालयात गेलो.

सुरुवात झकास झाली. संस्कृतात 'कृसर' म्हणून एक पदार्थ आहे, तांदूळ आणि तीळ एकत्र शिजवलेला. म्हणजे मिसळून शिजवण्याची कल्पना चांगलीच जुनी निघाली. पुढे चौदाव्या शतकात इब्न बतूता नावाचा मोरोक्कोचा प्रवासी दिल्लीत येऊन राहिला. त्याने स्वच्छ लिहून ठेवलंय की इथले लोक मूग आणि तांदूळ एकत्र शिजवतात, त्याला 'किशरी' म्हणतात, आणि तुपाबरोबर रोज सकाळी खातात. मूग, तांदूळ, तूप! मला अगदी भरून आलं. सहाशे-सातशे वर्षांपूर्वीच्या एका परक्या माणसाने आमच्या शनिवारच्या रात्रीवर सही-शिक्का मारून ठेवला होता. फक्त ती सकाळी खात, एवढाच काय तो फरक.

तिथेच पुस्तक मिटून घरी यायचं. पण हाव सुटली.

१४६९ च्या सुमाराला अफनासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी आपल्या चौलच्या बंदरात उतरला. बरोबर विकायला एक घोडा आणला होता. तिथून तो घाट चढून जुन्नरला आला, पावसाळाभर अडकून पडला, तिथल्या खानाने त्याचा घोडाच काढून घेतला, मग मिनतवाऱ्या होऊन तो परत मिळाला. पुढे तो बिदरला गेला. जुन्नर म्हटल्यावर मी सरसावून बसलो. आपल्या मुलखातली खिचडी! आणि निकितिनने खिचडीचा उल्लेख केलेलाही आहे. तो लिहितो, इथे खिचडी साखर आणि तेल घालून शिजवतात आणि घोड्यांना खायला घालतात.

मी इकडेतिकडे पाहिलं. ग्रंथपाल पेंगत होते. पान उलटलं.

मग अबुल फजल. 'ऐन-ए-अकबरी'त बादशहाच्या मुदपाकखान्याची मापं दिली आहेत. खिचडीला तांदूळ पाच शेर, मुगाची डाळ पाच शेर आणि तूपही पाच शेर. छापायची चूक असेल म्हणून दोनदा वाचलं. नाही, बरोबरीनेच. हे मी घरी मोठ्या उत्साहाने सांगितलं, तेव्हा हिने काही न बोलता माझा कोलेस्टेरॉलचा रिपोर्ट फ्रीजवरून काढून समोर ठेवला. ही अशी मुद्द्याला सोडून बोलते.

इकडे प्रयोग सुरू झालेच होते. पहिल्या शनिवारी बाजरीची खिचडी. बाजरी भिजवून, जराशी कांडून घ्यायला हवी होती. ती कुणी, यावर मायलेकांत मतभेद झाले आणि तशीच कुकरला लागली. सहा शिट्ट्या झाल्या, नऊ झाल्या, शेजारच्या बाईंनी 'गॅस संपला तर आमचा न्या' म्हणून निरोप पाठवला. बिरबलाची खिचडी आमच्यापेक्षा लवकर झाली असावी. अखेर साडेदहाला जे ताटात पडलं ते चावताना आमच्या पाचही जणांचं बोलणं बंद झालं होतं. माझ्या चेहऱ्यावर विजय असावा, कारण सूनबाई खाली मान घालून जेवत होत्या. तेव्हा मला ते बरं वाटलं. खोटं कशाला सांगू?

आणि सोमवारी वाचनालयात जहांगीर भेटला.

१६१८ च्या सुमाराला जहांगीर गुजरातेत होता. त्याच्या आत्मचरित्रात आहे, की तिथे बाजरीची खिचडी करतात असं त्याला कळलं. आपण ती कधी खाल्ली नाही, म्हणून त्याने मुद्दाम करवून घेतली. आवडली. इतकी, की ज्या दिवशी मांस वर्ज्य असेल त्या दिवशी ही खिचडी वरचेवर आणत जा, असा हुकूम त्याने सोडला. हिंदुस्थानचा बादशहा! ज्याच्या बापाच्या घरी पाच शेर तुपाची खिचडी, तो परमुलखात जाऊन बाजरीच्या खिचडीची चव बघतो, आणि मी निवृत्त उपव्यवस्थापक, मी भाषण करतो.

हा कागद मी फाइलच्या तळाशी ठेवला. बँकेत कुणी असं केलं असतं तर मी त्याच्यावर मेमो काढला असता.

पुढचा धक्का एकादशीला बसला. साबुदाण्याची खिचडी. इंदूरची वाफवलेली, वर शेव आणि लिंबू. मी म्हटलं, "ही मात्र आपली. हिच्यात हात घालू नका." आणि तोंडातून निघून गेलं म्हणून तिचंही मूळ बघायला गेलो. साबुदाणा होतो टॅपिओकाच्या कंदापासून, आणि ते झाड मूळचं दक्षिण अमेरिकेतलं. त्रावणकोरचे महाराज विशाखम तिरुनाळ, राज्यकाल १८८० ते १८८५, यांनी त्याच्या लागवडीला उत्तेजन दिलं. दुसऱ्या महायुद्धात मलायाकडून येणारा साबुदाणा बंद पडला, तेव्हा १९४३ च्या सुमारास तमिळनाडूत सेलमला तो टॅपिओकापासून करायला लागले. बरं, शेंगदाणे? तेही दक्षिण अमेरिकेतले. बटाटा? तिकडचाच, नावासकट पोर्तुगिजांनी आणलेला. हिरवी मिरची? पोर्तुगीज इथे येईपर्यंत, म्हणजे १४९८ पर्यंत, आपल्याकडे मिरची नव्हतीच. तिखटाला मिरी, पिंपळी आणि आलं. आता खिचडीतून हे सगळं काढा. जिरं, मीठ आणि तूप एवढंच शिल्लक राहतं. आषाढी एकादशी त्यावर निभावून दाखवा.

नातीने हे सगळं वहीत लिहून घेतलं आणि विचारलं, "म्हणजे उपासाला अमेरिकेचं सगळं चालतं, आणि आपला तांदूळ नाही चालत?"

"प्रश्न विचारू नयेत देवाधर्माच्या बाबतीत," मी म्हणालो.

"पण पहिल्यांदा कुणीतरी 'चालेल' म्हणालं असेल ना?"

कुठल्या तरी स्वयंपाकघरात कुठल्या तरी बाईने तो परका पांढरा दाणा भिजवून पाहिला असणार. पहिल्या दिवशी त्याचा लगदा झाला असणार, आणि पाटावर बसलेल्या कुणीतरी भाषणही केलं असणार. तो माणूस मला एकदम ओळखीचा वाटायला लागला.

इंग्रजांचं मी सांगतच नाही. त्यांनी खिचडीतली डाळ काढून मासे आणि उकडलेली अंडी घातली, तिला 'केजरी' नाव दिलं आणि मायदेशी नेऊन न्याहारीला खाल्लं. त्यांना सगळं माफ आहे.

शेवटचा आधार उरला होता आक्काचा. इब्न बतूता गेला, जहांगीर उलटला, पण आईच्या खिचडीला साक्षीदार माझी सख्खी मोठी बहीण. सांगलीला फोन लावला. स्पीकर चालू ठेवला, नातीला ऐकू यावं म्हणून. ही घोडचूक.

"आक्का, आईची खिचडी कशी असायची ते सांग गं."

"कुठली?"

"कुठली म्हणजे? खिचडी. शनिवारची."

"अरे, आईची खिचडी एक कुठे होती? महिनाअखेरीला डब्यांच्या तळाशी जे असेल ते. कधी मसूर, कधी कण्या, कधी ज्वारीच्या भरडीची. बहात्तरच्या दुष्काळात आपण नगरला होतो. रेशनवर ती अमेरिकेची लाल मिलो मिळायची, आठवते? तिचीही करून बघितली होती आईने. तू कॉलेजात होतास, पानावरून उठून गेलास. आई नंतर बराच वेळ चुलीपाशी बसून होती."

मला आठवत नव्हतं. मग आठवलं.

"आणि मुगाची डाळ भाजून, गोडा मसाला घालून, वर खोबरं?"

"ती आईची नव्हे रे. ती तुझ्या बायकोची. आईला दात राहिले नव्हते, एक्क्याऐंशी साल असेल, तेव्हा तिने काढलेली. आई म्हणायची, माझ्या जन्मात अशी खिचडी मला जमली नाही."

स्पीकर चालू होता. नात माझ्याकडे बघत होती. ही आत कोथिंबीर निवडत होती. निवडत राहिली.

फोन ठेवून मी स्वयंपाकघरात गेलो. चाळीस वर्षांहून जास्त. वर्षाला बावन्न शनिवार. हिशेबाचा माणूस असल्यामुळे मनातल्या मनात गुणाकार होऊन गेला, आणि 'थेट आईची खिचडी' हे वाक्य मी किती वेळा म्हटलं तो आकडा समोर उभा राहिला. दोन हजारांच्या वर.

"बोलली का नाहीस कधी?"

"काय बोलायचं?" ती म्हणाली. "तुम्ही डोळे मिटून खायचात. पहिल्यांदा म्हणालात तेव्हा सासूबाई शेजारीच बसल्या होत्या. त्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली, राहू दे म्हणून. त्या गेल्या, मग तर कसं सांगणार?"

मला काय बोलावं सुचेना. अशा वेळी पुरुषमाणसं जे करतात ते मी केलं. तांब्यातलं पाणी प्यायलो.

"आणखी एक होतं," ती म्हणाली. "म्हणून सांगता येईना."

"काय?"

"त्यात दुधी असतो."

दुधी! ज्याचं नाव काढलं तरी मी ताट सरकवतो तो दुधी! लग्नात भटजींनी सप्तपदी घालून झाल्याबरोबर हिला जी पहिली माहिती मिळाली ती माझ्या आणि दुधीच्या वैराची.

"किसून घातला की विरघळतो. तोंडात मऊ लागावी म्हणून सासूबाईंसाठी घातला पहिल्यांदा. त्याच म्हणाल्या, त्याला सांगू नकोस, खायचा नाही. इतक्या वर्षांत तुम्हाला भाजी आणायला शुक्रवारी कधी पाठवलं का मी?"

नाही पाठवलं. मला वाटायचं, माझ्या गुडघ्यांची काळजी घेते.

शनिवार उजाडला. सूनबाईंनी बाजरी आदल्या रात्रीच भिजवून ठेवली होती, विचारायला मात्र त्या धजेनात. मी फाइल उघडली, तळाचा जहांगीर वर काढला आणि नातीला मोठ्याने वाचायला सांगितला. सूनबाई हसल्या. चिरंजीव कांदा चिरायला बसले. नातीने वहीत नवं पान काढून वर 'आजीची खिचडी' असं लिहिलं आणि साल विचारलं.

"१९८१," मी सांगितलं.

"मग आज दोन्ही होऊ देत," ही म्हणाली, आणि किसणी आणि हातभर लांबीचा कोवळा दुधी माझ्यापुढे आणून ठेवला. "बसा. बारीक किसा हं. जाड राहिला तर कळतो."