श्वास आणि बोट यांचा मेळ

आपल्यापैकी अनेकांच्या घरी दम्याचा पंप असतो, पण चारचौघांत तो काढायचा म्हटले की हात आखडतो. "एकदा घेतला की सवय लागते", "फार जड औषध आहे", असे सल्ले भारतातून फोनवर येतात. लग्नाच्या मुलीचा पंप तर पाहुण्यांपासून लपवूनच ठेवला जातो. म्हणून वाचकहो, ही वस्तू कशी घडली ते एकदा पाहू या.

१९५५ पर्यंत दम्याचे औषध श्वासावाटे घ्यायचे तर बहुधा काचेचे फवारायंत्र लागे. अत्तराच्या जुन्या बाटलीला असतो तसा त्याचा रबरी फुगा दाबायचा. काच फुटे, आणि मात्रा दर वेळी कमीजास्त पडे. लॉस एंजेलिसच्या रायकर लॅबोरेटरीजचे (नाव ओळखीचे वाटले तरी कंपनी अमेरिकन!) प्रमुख जॉर्ज मेसन यांच्या १३ वर्षांच्या मुलीला दमा होता. केसांच्या फवाऱ्यासारखे आपले औषध डबीत का मिळू नये, असे तिने वडिलांना विचारले. मेसन यांनी तो प्रश्न हसण्यावारी नेला नाही. त्यांचे रसायनतज्ज्ञ आयर्विंग पोरुश कामाला लागले. अत्तरासाठी निघालेली, दर दाबाला मोजकेच द्रव सोडणारी झडप त्यांनी वापरली आणि १९५६ मध्ये 'मेडिहेलर' बाजारात आला. मोजलेली मात्रा प्रथमच खिशात मावली.

मात्र एक अडचण उरली. बोटाने डबी दाबणे आणि श्वास आत ओढणे ही दोन्ही कामे एकाच क्षणी व्हायला हवीत. धाप लागलेल्या माणसाला, लहान मुलाला किंवा संधिवाताने बोटे आखडलेल्या आजीला हे कसे जमावे? मेळ चुकला की औषध घशातच आदळते आणि दोष मात्र औषधाला मिळतो.

यावर उत्तर शोधणाऱ्यांत इंग्लंडमधील डॉ. रॉजर अल्टुन्यन होते. ते स्वतः दमेकरी होते. आर्थर रॅन्समच्या 'स्वॅलोज अँड अॅमेझॉन्स' या बालकादंबरीतला रॉजर त्यांच्यावरूनच बेतलेला. सोडियम क्रोमोग्लायकेट हे औषध शोधताना त्यांनी वर्षानुवर्षे स्वतःवरच प्रयोग केले, मुद्दाम दम्याचा झटका आणवून. हे औषध पूडरूप होते. महायुद्धात वैमानिक असलेल्या अल्टुन्यन यांनी त्यासाठी विमानाच्या पंख्यासारखी चक्री असलेले 'स्पिनहेलर' बनवले. रुग्ण श्वास ओढी, चक्री फिरे आणि पूड आत जाई. बोटाचे काम श्वासानेच उचलले. भारतात आज सर्रास दिसणारा रोटाहेलर याच घराण्यातला.

पण पुडीसाठी श्वास जोरात ओढावा लागतो, आणि तान्ह्या मुलांना ते जमत नाही. त्यांच्यासाठी पंपापुढे प्लास्टिकची पोकळ नळी आली, ती म्हणजे 'स्पेसर'. फवारा तिच्यात थांबतो आणि मूल आपल्या गतीने श्वास घेते. गरिबाला ही नळीही महाग पडते. केप टाऊनच्या डॉ. हेदर झार आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये दाखवून दिले की शीतपेयाच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीला पंपापुरते भोक पाडून कडा नीट बंद केल्या, तर ती विकतच्या स्पेसरइतकेच काम करते.

आता 'जड औषधा'बद्दल. ब्रिटनमधल्या निळ्या पंपाच्या एका फवाऱ्यात साल्ब्युटामॉल १०० मायक्रोग्रॅम असते. त्याच औषधाच्या गोळीत २ किंवा ४ मिलिग्रॅम, म्हणजे वीस ते चाळीस पट! गोळी साऱ्या शरीरात फिरते, फवारा थेट फुप्फुसात जातो. निळा पंप वारंवार लागत असेल, तर ती 'सवय' नव्हे. दमा आटोक्यात नसल्याची ती खूण आहे आणि डॉक्टरांना भेटायला हवे. बहुतेकांना दाह कमी करणारा दुसरा पंप नियमित घ्यावा लागतो.

या सगळ्या सुधारणांचा धागा एकच आहे. रुग्णाला जमत नाही तेव्हा त्याला बोल न लावता वस्तू बदलायची. आपल्याला एवढेच करायचे आहे: पुढच्या भेटीत पंप सोबत न्यावा आणि डॉक्टरांसमोर एकदा घेऊन दाखवावा. भारतात आईवडिलांना फोन कराल तेव्हा "औषध घेता ना?" इतक्यावर थांबू नका, "कसे घेता?" हेही विचारा. आणि मुलीचा पंप पर्समध्ये तळाशी न ठेवता पटकन हाताशी येईल असा ठेवा.