उंबरठा ओलांडण्याची विद्या

मुरलीपुरा ही जयपुरातील सीकर रस्त्याला लागून असलेली वस्ती. एका अंगाला विद्याधरनगरचे आखीव चौक, दुसऱ्या अंगाला विश्वकर्मा औद्योगिक क्षेत्रातील कारखाने, आणि मधल्या गल्ल्यांतून कुठे शेखावाटीकडचे, कुठे बिहारकडचे, तर कुठे आमच्यासारखे दक्षिणेकडून येऊन रुजलेले एखादे बिऱ्हाड. सून बाळंत होऊन रुग्णालयातून घरी आली त्या दुपारी दारात एक बाई उभी राहिली. खांद्याला पिशवी, डोक्यावर पदर. इतर प्रांतांत जिला नुसते ‘आशा’ म्हणतात आणि राजस्थानात ‘आशा-सहयोगिनी’, ती ही. तिने चपला बाहेर काढल्या, उंबरठ्याशी थांबून माझ्या पत्नीला ‘माँजी’ अशी हाक घातली, हात धुण्यास पाणी मागितले, आणि बाळाकडे नजर वळविण्याआधी स्वयंपाकघरातून येणाऱ्या वासाची चौकशी केली. आत अळिवाचे लाडू वळणे चालू होते. ‘यो काँई छै?’ असे विचारीत तिने डब्यातील चिमूटभर दाणे तळहातावर घेतले, एक जिभेवर ठेवला, आणि एकदम हसून म्हणाली, अरे, हा तर आमचा असालिया!

त्या एका दाण्याने जे काम केले ते कोणत्याही ओळखपत्राने झाले नसते. पुढचा अर्धा तास ती विचारीत होती आणि पत्नी सांगत होती. तुमच्याकडे जच्चा किती दिवस खोलीत राहते, पहिली आंघोळ केव्हा, पाचवीला काय पुजतात, बाळाच्या तोंडात आईच्या दुधाआधी काही घालतात काय. आमची सटवाई सहाव्या रात्री कपाळावर लेख लिहिते हे ऐकून तिने आपल्या बेमातेची हकीकत सांगितली; तीही सहाव्याच रात्री येते आणि तेच काम करते. बाळगुटीचा विषय निघाला तेव्हा मी मनातल्या मनात व्याख्यानाची वाट पाहू लागलो. पण तिने फक्त विचारले, कितव्या दिवसापासून आणि कशाचे किती वेढे? सगळे ऐकून घेतल्यावर ती म्हणाली, सहा महिने आईच्या दुधाखेरीज काही नको, पाणीसुद्धा नको. मालीश मात्र तुम्हीच करा, तुमच्या हातासारखा हात मला नाही. सहाण उचलून फडताळावर गेली. तेल कोमट करण्याचा अधिकार आजीकडेच राहिला.

या कसबाला अलीकडच्या ग्रंथांतून ‘सांस्कृतिक सक्षमता’ असे नाव आहे. शब्द बोजड आहे, आणि तो उच्चारताना एखाद्या परीक्षेत उत्तीर्ण झाल्याचा दाखला हाती घेतल्यासारखे वाटते. म्हणून शब्द क्षणभर बाजूस ठेवून या विद्येचे कूळ शोधू लागलो, तर ते माझ्या अपेक्षेपेक्षा फार निराळ्या वाटांनी हिंडून आमच्या दारापर्यंत आलेले दिसले.

आरंभ नावांपासून करावा. इंग्रजी ‘नर्स’ या शब्दाच्या मुळाशी लॅटिनमधील पोसणे, पाजणे हा अर्थ आहे. आपल्या ‘धात्री’च्या मुळाशीही स्तनपानाचाच धातू आहे, आणि तिचीच राजस्थानी मुलगी ‘धाय’. उदयसिंहाला वाचविण्यासाठी पोटचा पोर तलवारीपुढे ठेवणाऱ्या पन्ना धायीची कथा मेवाडात मुलामाणसांना पाठ असते. ‘दाई’ या शब्दात ही धात्री आणि फारसी ‘दायह’ अशा मिसळून गेल्या आहेत की त्यांची वाटणी करणे अवघड. आमची ‘सुईण’ सूतीशी नाते सांगते. ‘परिचारिका’ मात्र संस्कृत ग्रंथांच्या दप्तरातून आली. चरकाने चिकित्सेचे चार पाद सांगितले, त्यांत वैद्य, औषध आणि रोगी यांच्या बरोबरीने शुश्रूषा करणाराला जागा दिली, आणि त्याच्या ठायी सेवेचे ज्ञान, दक्षता, रोग्याविषयी ममत्व व शुचिता हे चार गुण मागितले. ममत्वाचा उल्लेख दोन हजार वर्षांपूर्वी व्हावा याचे कौतुक वाटते. परंतु तो परिचारक रोग्याच्या घरचाच, त्याच्याच रीतीभातीचा असणार, हे तेथे गृहीत आहे. परक्या घराचा उंबरठा कसा ओलांडावा हा प्रश्न चरकापुढे नव्हताच.

तो प्रश्न आमच्या मुलखात अत्यंत उग्र रूपाने उभा राहिला तो पुण्यात, १८९७ साली. प्लेगचा बंदोबस्त करण्यासाठी वॉल्टर चार्ल्स रँड या अधिकाऱ्याची नेमणूक झाली, आणि मार्च महिन्यापासून गोऱ्या सोजिरांच्या तुकड्या घरोघर झडत्या घेऊ लागल्या. रोग्याला विलग करावे, घर स्वच्छ करावे, ही त्या हुकुमांमागची कल्पना शास्त्रदृष्ट्या मुळीच वेडगळ नव्हती. परंतु बूट घालून देवघरात आणि स्वयंपाकघरात शिरणे, बायकांची परक्या पुरुषांनी तपासणी करणे, सामानसुमान रस्त्यावर काढून जाळणे, अशा कैफियतींनी त्या काळची वृत्तपत्रे भरली. परिणाम असा झाला की लोक आजारी माणूस लपवू लागले, म्हणजे ज्या हेतूने झडती घ्यावयाची तो हेतूच झडतीने बुडविला. २२ जून रोजी गणेशखिंडीच्या रस्त्यावर चाफेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. ही घटना राजकीय इतिहासात नोंदली गेली आहे, आणि ते योग्यच आहे. परंतु सार्वजनिक आरोग्याच्या इतिहासातही तिचे एक पान असावयास हवे, असे मला नेहमी वाटत आले आहे.

आणि त्याच पानाच्या पाठीवर दुसरे नाव लिहिलेले असावे. झडत्या सुरू होण्याच्या थोडे आधी, १० मार्च १८९७ रोजी, सावित्रीबाई फुले प्लेगनेच मरण पावल्या. त्यांचे दत्तकपुत्र डॉ. यशवंत यांनी पुण्याबाहेर प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना उघडला होता, आणि एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन तेथे आणताना त्यांना संसर्ग झाला असे सांगतात. १८६३ साली जोतीराव-सावित्रीबाईंनी आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले तेव्हा, फसविल्या गेलेल्या विधवांची बाळंतपणे तेथे नाव न विचारता होत असत. काय विचारावे याइतकेच काय विचारू नये हे जाणणे, हाही या विद्येचाच भाग आहे, आणि मराठी मुलखात त्याचे इतके जुने उदाहरण दुसरे मला ठाऊक नाही.

घरी जाऊन शुश्रूषा करण्याच्या आधुनिक पद्धतीचा उगम साधारणतः लिव्हरपूलला सांगतात. विल्यम रॅथबोन या व्यापाऱ्याची पत्नी मरणोन्मुख असताना मेरी रॉबिन्सन नावाच्या परिचारिकेने तिची सेवा केली. १८५९ साली त्याने तिलाच वेतन देऊन गरिबांच्या घरी पाठविण्यास प्रारंभ केला. हिंदुस्थानात हे वारे आले ते १८८५ च्या लेडी डफरिन फंडाबरोबर, आणि १९०३ साली लेडी कर्झन यांनी देशी दायांना शिकविण्यासाठी निधी उभारला. त्या काळातील अहवालांत दाई ही बहुधा अस्वच्छ, अडाणी आणि हट्टी म्हणूनच भेटते. तिच्या बोथट विळ्याने आणि मळक्या चिंधीने बाळे दगावत होती यात शंका नाही, आणि तो दोष झाकणे हा भाबडेपणा होईल. पण तिला शिकविणाऱ्यांनी तिच्याकडून काही शिकावे, ही कल्पना त्या दप्तरांत फारशी आढळत नाही.

येथे एक अप्रिय गोष्ट सांगून टाकली पाहिजे. नाळ कापणे हे काम विटाळाचे, म्हणून ते उत्तरेत आणि दक्षिणेतही बहुशः अस्पृश्य मानलेल्या जातींच्या स्त्रियांकडे लोटलेले होते. आमच्याकडे मांगीण सुईण हा शब्दच रूढ होता. सोयर असेपर्यंत ती बाळंतिणीच्या खाटेशी, आणि सोयर फिटले की अंगणाच्या बाहेर. लोकांच्या चालीरीतींचा मान राखावा असे म्हणणाऱ्याने या चालीचे काय करावयाचे? या विषयावर लिहिणारे बहुतेक लेखक सण, अन्न आणि पोशाख यांच्याभोवती घोटाळत राहतात, त्याचे कारण हा प्रश्न टाळणे सोयीचे असते हे आहे, असे माझे मत आहे.

या विद्येला शास्त्राचा दर्जा मिळवून देणाऱ्या मॅडलीन लेनिंजर या अमेरिकेच्या नेब्रास्का प्रांतातील परिचारिका. १९५० च्या दशकात मुलांच्या एका मानसोपचार केंद्रात काम करताना त्यांच्या ध्यानात आले की निरनिराळ्या समाजांतून आलेली मुले खाण्यात, झोपण्यात, बिलगण्यात निराळी वागतात, आणि त्यांची शुश्रूषा करणाऱ्यांना त्याचा पत्ताही नाही. त्या मानववंशशास्त्राकडे वळल्या, न्यू गिनीच्या डोंगराळ भागातील गाडसुप लोकांत जाऊन राहिल्या, १९७० साली परिचर्या व मानववंशशास्त्र या दोन जगांना जोडणारा ग्रंथ लिहिला, आणि १९७४ साली या शाखेची संस्थाही उभी केली. ‘सांस्कृतिक सक्षमता’ हा शब्द रूढ झाला तो पुढे, १९८९ साली टेरी क्रॉस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील अल्पसंख्य मुलांच्या मानसिक आरोग्यसेवेविषयी केलेल्या लेखनातून. पण मला या सर्वांहून न्यूझीलंडच्या इरिहापेटी रॅम्सडेन अधिक पटतात. या माओरी परिचारिकेने १९८० च्या दशकाच्या अखेरीस जो विचार मांडला, तो सक्षमतेचा नसून सुरक्षिततेचा होता: परिचारिकेने रोग्याच्या चालीरीतींची यादी पाठ करण्याऐवजी आपण कोण, आपल्या पदाचा आणि जातकुळीचा भार समोरच्यावर किती पडतो, हे तपासावे, आणि शुश्रूषा सुखरूप होती की नाही याचा निवाडा ती घेणाऱ्याने करावा. मांगिणीच्या प्रश्नाला उत्तर सापडते ते या दिशेने.

आता गडचिरोलीकडे वळतो, कारण या कुळकथेचा मुख्य पुरुष, किंवा खरे म्हणजे मुख्य स्त्री, तेथे आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली तेथे ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. आदिवासी दवाखान्यात का येत नाहीत असे त्यांनी लोकांनाच विचारले, तेव्हा मिळालेली उत्तरे प्रसिद्ध आहेत. मोठमोठ्या इमारतींत आम्ही हरवतो; डॉक्टर आणि नर्सा पांढरे कपडे घालतात, आणि पांढऱ्या कपड्यात आम्ही मढे गुंडाळतो; ज्या घरात देव नाही तेथे बरे कसे व्हावे? ज्या शुभ्र वस्त्राला शुचितेचे प्रतीक मानून जगभरच्या परिचारिका अभिमानाने मिरवीत होत्या, ते येथे कफनासारखे दिसत होते. तेव्हा ‘सर्च’च्या शोधग्राम या वसाहतीतील दवाखाना गोंडांच्या गावासारख्या झोपड्यांचा बांधला गेला, रोग्याबरोबर नातलगांना राहण्याची सोय झाली, आणि त्याला नाव मिळाले ते माँ दंतेश्वरी या देवीचे.

परंतु खरी कल्पकता एका लहानशा वस्तूत आहे. अर्भकाला न्युमोनिया झाला हे ओळखण्यासाठी मिनिटातील श्वास मोजावे लागतात, आणि गावच्या दाईला साठापर्यंत मोजता येत नाही. तिला मोजणी शिकविण्याचा आग्रह न धरता तिला एक मण्यांचे यंत्र देण्यात आले: सोबत मिनिटाची वाळूची घटिका, आणि दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा, वाळू संपण्यापूर्वी लाल मणी सरकला तर न्युमोनिया. अडाणीपणाच्या शेऱ्याखाली ज्या बाईला अहवालांनी पाऊण शतक दडपले होते, तिच्या हाती निदान आले. पुढे ३९ गावांत प्रशिक्षित आरोग्यदूत स्त्रिया नवजात बाळांच्या घरी जाऊ लागल्या; वजन करण्याची झोळी, तापमापक आणि ऊब देण्याचे कापड घेऊन. तेथील नवजात बालमृत्यूंचे प्रमाण हजारी ६२ वरून सुमारे २५ वर आले, आणि १९९९ च्या डिसेंबरात ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने ते जगापुढे मांडले. या यशात औषधाचा वाटा किती आणि घरात शिरू देणाऱ्या विश्वासाचा किती, हे कोणत्याही तक्त्यात मावणारे नाही.

२००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाबरोबर आशा आली, आणि २०११ साली गडचिरोलीच्या या पद्धतीवर बेतलेली गृहभेटींची योजना देशभर जारी झाली. रुग्णालयात जन्मलेल्या बाळासाठी सहा फेऱ्या: तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा दिवस. आमच्या मुरलीपुऱ्याच्या सहयोगिनीच्या पिशवीतून निघालेला वजनकाटा आणि तापमापक म्हणजे गोंडांच्या झोपडीतून निघून, दिल्लीच्या कचेऱ्यांतून फिरून, जयपूरकडच्या ढूंढाडी बोलीत बोलत परत एका मराठी घरी आलेली वस्तू होती. सवाई जयसिंहाच्या पदरी असलेल्या जगन्नाथ सम्राट या मराठी पंडिताने टॉलेमीचे ज्योतिष अरबीतून संस्कृतात आणले; ज्ञान परक्या भाषेतून फिरून यावे ही जयपूरची जुनीच रीत म्हणावयाची.

ती सहाही वेळा आली. तिसऱ्या फेरीला शेजारच्या घरी आधी जाऊन आली. तेथली सून घूंघटातून बोलत नाही, म्हणून सासू पाणी भरायला जाते ती वेळ तिने धरून ठेवली होती. बेचाळिसाव्या दिवशी झोळीत बाळाचे वजन करून तिने आकडा पत्नीला मोठ्याने वाचावयास लावला, आणि निघताना पदराच्या गाठीला चार चमचे अळीव बांधून नेले. या सहा फेऱ्यांचा मिळून सरकारने ठरविलेला मोबदला २५० रुपये आहे.