संगणकाच्या जुन्या डावातली चूक कशी शोधतात?

डाव सांगलीच्या नूतन बुद्धिबळ मंडळातला असो वा संगणकाचा, तपासायची रीत एकच: पट पुन्हा मांडायचा आणि प्रत्येक चालीचं कारण शोधायचं.

1952 मध्ये ॲलन ट्युरिंग यांचा प्रोग्राम ॲलिक ग्लेनी यांच्याशी खेळला. तो चालवणारा संगणक नव्हता, म्हणून ट्युरिंग कागदावर हिशोब करून चाल ठरवत.

29व्या चालीला पांढऱ्या वजिराने डी6 घरातलं प्यादं मारलं. काळा हत्ती डी8वर येताच पांढऱ्याने हार मानली.

कारण? प्रोग्राम आपली एक चाल आणि समोरच्याचं एक उत्तर पाही. त्यापुढे मारामारीसारख्या ठरावीक चालीच मोजी. पुढचं संकट त्या मर्यादेपलीकडे होतं.

त्यामुळे अशा डावात आधी पाहायचं, प्रोग्रामला किती पुढचं दिसत होतं.