तेरा महिन्यांचं साल

साल म्हणजे वर्ष, हे सगळ्यांना ठाऊक आहे. आर्वीच्या शिवारात मात्र साल ही चाकरी असते. पाडवा ते पाडवा एका मालकाची जमीन, बैल, गोठा, विहीर, बंडी, खळं असं सगळं सांभाळायचं. जो सांभाळतो तो सालदार. आज तुम्ही सालदार आहात.

गुढीपाडवा, शके १८६४. इंग्रजी १९४२चा मार्च. आर्वीपासून दोन कोसांवरच्या गावात, मालगुजाराच्या ओसरीसमोर तुम्ही उभे आहात. डोक्याचा दुपट्टा काढून हातात घेतलाय. पश्चिमेला वर्धा नदी आहे. पलीकडे कौंडण्यपूर, म्हणजे वऱ्हाड. तिथे शेतकरी आपला सारा आपण भरतो. अलीकडे मध्यप्रांत, इथे गावाचा सारा मालगुजार भरतो आणि त्याच्या घरच्या जमिनीला ‘सीर’ म्हणतात. ती सीर, सगळी काळीभोर, आजपासून तुमच्या हवाली आहे.

दिवाणजी वही उघडतात. रोख किती, त्यातली उचल किती, महिन्याची ज्वारी किती पायल्या, पोळ्याला धोतर आणि वहाणा. “पटते का गा?” मालक विचारतात. “पटते, मालक.” अंगठा उमटतो. तुमची घरधनीण वाड्याचं सडासारवण करणार आहे, शेण काढणार आहे, निंदणाला जाणार आहे. वहीत तिचं नाव नाही. तिची मेहनत न लिहिताच सालात धरलेली आहे.

संध्याकाळी गेल्या सालचा म्हातारा सालदार तुम्हाला गोठ्यात नेतो. दावणीला बैलांची जोडी, ढवळ्या आणि हिऱ्या. दोघेही पांढरेशुभ्र, अंगानं हलके, पायानं चपळ. ही गवळाऊ जात याच मातीतली. आर्वी, आष्टी, कारंजा हा तिचा मूळ मुलूख. मराठ्यांच्या फौजांचं सामान डोंगरवाटांनी झपाट्यानं नेणारे बैल याच जातीचे, असं सांगतात. म्हातारा ढवळ्याच्या खांद्यावर हात ठेवतो आणि तुमचा हात धरून त्याच जागी टेकवतो.

“डावीकडून जपजो याले,” एवढंच म्हणतो. मग निघता निघता वळतो. “यंदा धोंड्याचा म्हयना हाये, बाबू. साल तेरा म्हयन्याचं पडते.”

तेव्हा तुम्हाला त्याचा अर्थ पुरता कळत नाही.

पहाटे चारला उठता तेव्हा गोठ्यात काळोख असतो. कंदील आहे, पण घासलेट नाही. आठ मार्चला रंगून जपान्यांच्या हाती पडलं आणि ब्रह्मदेशाहून येणारं तेल आटलं. इतक्या लांबची लढाई तुमच्या गोठ्यातला उजेड घेऊन गेली. जवसाच्या तेलाची पणती देवापुढे लागते, गोठ्यात नाही. म्हणून तुम्ही हातानं पाहायला शिकता. नाकपुडीवर तळवा धरला की बैलाचा श्वास कळतो. कान गार की गरम, गव्हाणीत कडब्याची ताटं उरलीत का, शेण घट्ट की पातळ, हे सगळं बोटांना आणि नाकाला समजतं. दोन महिन्यांत तुम्हाला कंदिलाची आठवणही येत नाही.

चैत्र-वैशाख उन्हात जातात. पऱ्हाटी, म्हणजे कापसाची वाळलेली झाडं, उपटून काड्या वाहायच्या, वखराच्या पाळ्या घालायच्या, बंडीच्या आखाला एरंडीच्या तेलाचं वंगण द्यायचं. दुपारी वावरातली माती पायाला चटका देते. विहिरीत पाणी खाली जातं, तशी तुम्हाला तिची आतली बाजू दिसते: तिसऱ्या पायरीचा दगड सुटलाय. वर पाणी असताना तो कुणाला दिसणार नाही. तुम्ही लक्षात ठेवता.

मग धोंडा लागतो. चंद्राचे बारा महिने सूर्याच्या वर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी कमी भरतात. ती तूट भरायला पंचांगात साधारण तीन वर्षांनी एक महिना जास्तीचा येतो. यंदा ज्येष्ठ दोनदा आहे. गावात जावयांना अनारशांची ताटं जातात. तुमच्या वाट्याला काय येतं, ते आता उमगतं. साल पाडव्याला बांधलं आणि पाडव्यालाच सुटणार. रोख रक्कम तीच. तेरावा महिना मालकाच्या खात्यात जमा होतो आणि तुमच्या पाठीवर नावे पडतो.

पण जमीन महिन्यावर चालत नाही, नक्षत्रावर चालते. अधिक ज्येष्ठ असो की निज, सात जूनच्या सुमाराला मृग लागतो. एके दुपारी नदीकडून वारं फिरतं, मातीचा वास येतो आणि पाणी कोसळतं. (पावसाला इथे पाणीच म्हणतात.) रात्रभर पाणी येतं, तुम्ही रात्रभर जागे. पहाटे वावराच्या धुऱ्यानं, म्हणजे बांधानं, फिरून येता आणि पाहता की नाल्याकडच्या कोपऱ्यात तळं साचलंय. तिथे पऱ्हाटी पेरली तर मुळं कुजणार.

पेरणीच्या सकाळी आयाबाया सरकी शेणमातीत चोळायला बसतात. सरकीला बारीक तूस असतं, दाणे एकमेकांना चिकटतात, पेरायच्या सरत्यातून सुटे पडत नाहीत. म्हणून शेण, माती, थोडं पाणी आणि दोन्ही तळव्यांचा रगडा. हळूहळू तूस बसतं आणि दाणा हरभऱ्यासारखा सुटा, गुळगुळीत होतो. तुमची घरधनीण एक दाणा उचलून चिमटीत फिरवते, कानाशी नेल्यासारखा करते आणि म्हणते, “झालं.” कितीदा रगडायचं हे तिला कुणी मोजून सांगितलेलं नाही.

तिफण जुंपायला तुम्ही ढवळ्याच्या मानेवरून हात फिरवता आणि थांबता. डाव्या खांद्यावर सूज आहे, सुपारीएवढी. डोळ्यांनी दिसत नाही. बोटांखाली मात्र गरम लागते. मालक धुऱ्यावर उभे आहेत, आभाळ भरलंय, वापसा दोन दिवस टिकला तर टिकला.

“मालक, ढवळ्याचा खांद लागला जी. आज जुंपलं तर पोळ्यापर्यंत बसून राहीन.”

मालक ओरडतात. सालभराचं पीक या दोन दिवसांवर आहे, हे त्यांचं म्हणणंही खोटं नाही. तुम्ही दोरी हातात धरून तसेच उभे राहता. शेवटी शेजाऱ्याची जोडी सावडीनं मागून आणली जाते. ढवळ्या तीन दिवस गोठ्यात राहतो. तुम्ही हळद आणि लोणी लावून रोज तीच जागा चाचपता. चौथ्या दिवशी सूज उतरते. ‘डावीकडून जपजो’ म्हणणारा म्हातारा तुम्हाला तेव्हा आठवतो.

नाल्याकडच्या कोपऱ्यात तुम्ही पऱ्हाटी पेरत नाही.

श्रावण येतो. पऱ्हाटी गुडघाभर आलीय, डवऱ्याच्या पाळ्या चालू आहेत. मुंबईत ‘भारत छोडो’चा ठराव झाला, नऊ ऑगस्टला गांधीजींना धरून नेलं, ही बातमी आर्वीच्या बाजारातून आलीय. याच जिल्ह्यातल्या सेवाग्रामहून ते मुंबईला गेले होते. गावोगाव तुकडोजी महाराजांची खंजिरीवरची भजनं आता वेगळ्याच जोरानं म्हटली जातायत. सोळा ऑगस्टला नागपंचमी. या दिवशी जमीन उकरायची नाही, डवरा चालवायचा नाही. माणसं मोकळी असतात. त्या दिवशी उत्तरेला आष्टीच्या पोलीस ठाण्यावर तिरंगा लावायला लोक निघतात. गोळीबार होतो. गावकरी पडतात, पोलीसही मारले जातात. बातमी तुमच्या गावात येते तेव्हा तुम्ही गव्हाणीत कुटार टाकत असता. तरणी पोरं कुजबुजतात, कुणी म्हणतं जाऊ, कुणी म्हणतं फौज येणार. तुमचं रक्तही उसळतं. पण बैल तोंड वर करून तुमच्याकडे पाहतात. त्यांना पाणी दाखवायचंय. गोठा सोडून तुम्हाला जाता येत नाही. तुम्ही बादली उचलता आणि त्या रात्री बराच वेळ झोपत नाही. आज आपण त्या गावाला आष्टी (शहीद) म्हणतो.

एक सप्टेंबरपासून सरकार लढाईसाठी घड्याळं तासभर पुढे करतं. आर्वीहून पुलगावला जाणारी छोटी गाडी, १९१७ पासूनची, आता नव्या वेळेनं सुटते. मालक खिशातलं घड्याळ काढून सांगतात, उद्यापासून तासभर आधी ये. तुम्ही ‘हो जी’ म्हणता. पण गाय जुन्याच वेळेला पान्हा सोडते, बैल जुन्याच वेळेला रवंथ करायला बसतात. त्यांच्यामागे तुम्हाला जावंच लागतं. म्हणजे दोन्ही वेळा तुमच्याच.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांदशेकणी. पळसाच्या पानानं लोणी-हळद घेऊन जुवाखाली घासलेले खांदे शेकता आणि बैलाच्या कानात उद्याच्या जेवणाचं आवतण देता. ढवळ्या डावा खांदा स्वतःहून पुढे करतो. दुसऱ्या दिवशी शिंगांना रंग, गळ्यात घुंगरमाळा, पाठीवर झूल. तोरणाखाली जोडी उभी राहते. मग घरोघर बैल न्यायचे. बाया बैलांचे पाय धुतात, पुरणपोळी भरवतात आणि तुमच्या हातावर बोजारा, म्हणजे पोळ्याची बक्षिसी, ठेवतात. सालभरात एवढ्या एका दिवशी गाव तुमच्याकडे नीट पाहतं.

दिवाळीच्या पुढे ज्वारीत दाणा भरतो आणि जागली सुरू होते. मचाणावर घोंगडं, गोफण, बोरूच्या पेंढीचा जाळ. डुकरं आणि रोही (नीलगाई) रात्री येतात. पहिल्या आठवड्यात तुम्ही सगळीकडे ओरडत फिरता. मग एका पहाटे दवावर उमटलेली खुरं दिसतात आणि कळतं, ती सगळी नाल्याजवळच्या धुऱ्याच्या एकाच खिंडारातून येतात. बाभळीचे काटे टाकून तुम्ही ती वाट बुजवता. त्या रात्री पहिल्यांदा पाठ टेकवता. वर आभाळभर चांदण्या, खाली तुम्ही. पीक दुसऱ्याचं आहे, हे त्या वेळी तुमच्या ध्यानातही नसतं.

कापूस फुटतो. आयाबाया दहीभात नेऊन सीतादही करतात, मग वेचा सुरू होतो. भरलेली बंडी घेऊन तुम्ही रात्रीच आर्वीला निघता. दोर सैल सोडला तरी जोडी वाट चुकत नाही. पहाटे आर्वीत तेलंगराव बाबांच्या समाधीला हात जोडता. हिंदू-मुसलमान दोघेही जोडतात. बाजारात बंड्यांची रांग आहे, जिनातून सरकीचा वास येतोय. अडत्या मूठभर कापूस ओढून धागा पाहतो आणि भाव सांगताना जपानचं नाव घेतो. आपला आखूड धाग्याचा कापूस जपान मोठ्या प्रमाणावर घ्यायचा. डिसेंबर १९४१ मध्ये तो लढाईत उतरला आणि ते गिऱ्हाईक गेलं. पट्टी मालकाच्या नावानं फाटते. तुम्ही जोडीला पाणी पाजता.

उलंगवाडी होते, म्हणजे वेचा संपतो. उभ्या पऱ्हाटीत गुरं सोडली जातात. मार्च येतो आणि जातो, पाडवा नाही. एप्रिल उजाडल्यावर गुढी उभी राहते. तेरा महिने झाले.

तुम्ही पुढच्या काळातून आलात, म्हणून तुम्हाला माहीत आहे की ३१ मार्च १९५१ला मालगुजारी जाईल. उचलीपायी माणूस बांधून ठेवायला १९७६ मध्ये कायद्यानं बंदी येईल. पुलगावची छोटी गाडी थांबेल. गवळाऊ जोडी इतकी दुर्मीळ होईल की हेटीकुंडीला तिच्या पैदाशीसाठी सरकारी केंद्र ठेवावं लागेल. जमिनीचे मालक वर्ध्या-नागपुरात राहायला जातील, सालदाराचं साल लाखावर जाईल आणि तरी माणूस मिळत नाही, अशी तक्रार दर पाडव्याला ऐकू येईल. ती तक्रार करणाऱ्याला तुम्हाला एकच सांगायचं आहे. सालदारानं वर्षभर जे पाहिलं, ते कुठल्याही सातबाऱ्यात उतरत नाही. ते फक्त त्याच्याजवळ असतं. पैशाचा आकडा ठरवायच्या आधी त्याला वावराबद्दल विचारा आणि तो बोलत असताना ऐका. त्याच्या घरच्या बाईचं नावही वहीत लिहा.

संध्याकाळ झालीय. नवा सालदार गोठ्याच्या दाराशी उभा आहे, मिसरूड नुकतंच फुटलेला. तुम्ही सांगायला लागता. विहिरीची तिसरी पायरी सुटलीय, पाणी चढलं की दिसणार नाही. नाल्याकडच्या कोपऱ्यात पऱ्हाटी लावायची नाही, पाणी लागते तिथं. धुऱ्याच्या खिंडारातले काटे दिवाळीआधी बदलायचे. घड्याळ काहीही म्हणो, गाय तिच्या वेळेलाच दूध देते. पोरगा मान हलवतो. त्याच्यापाशी यातलं थोडंच उरणार, हे तुम्हाला दिसतंय.

अंधार पडतो. घासलेट अजूनही नाही. तुम्ही त्याचा हात धरता आणि ढवळ्याच्या डाव्या खांद्यावर नेमक्या त्या जागी टेकवता. बैल कान हलवतो. पोराची बोटं जरा दबतात, थांबतात, पुन्हा हलकेच फिरतात.

मग तुम्ही आपला हात काढून घेता.