असरोल : हकिमाच्या बरणीतून प्रयोगशाळेत गेलेल्या एका मुळीचा इतिहास

नागपूरच्या इतवारीत किंवा मोमिनपुऱ्यात जडीबुटी विकणाऱ्याकडे ‘असरोल’ मागितले, तर तो करड्या-पिवळसर रंगाच्या, बोटाएवढ्या जाडीच्या, वेड्यावाकड्या मुळ्या पुढे करील. चव कडू, वास जवळजवळ नाहीच. वैद्य हिला सर्पगंधा म्हणतात, हिंदी मुलखात ‘छोटा चाँद’ हेही नाव आहे. हिमालयाच्या पायथ्याच्या तराईत, बिहारमध्ये आणि आसामात ही वनस्पती सावलीत वाढते. आपल्याकडे कोकणात व सह्याद्रीच्या उतारावरही ती सापडते. बिहार आणि संयुक्त प्रांताच्या बाजारात हिची पूड पूर्वी उघडपणे ‘पागल की दवा’ म्हणून विकली जाई. नाव रांगडे खरे, पण पुढे विज्ञानाने जे सिद्ध केले त्याचा अर्धा भाग त्या नावातच होता.

हिच्याविषयी सर्वांत जुनी व सर्वांत लाडकी समजूत मात्र खोटी निघाली. नागाशी झुंज देण्यापूर्वी मुंगूस हिची मुळी चघळते, म्हणून सर्पदंशावर ही रामबाण आहे, असे शतकानुशतके सांगितले गेले. गोव्यात राहणारा पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ऑर्ता याने इ. स. १५६३ साली गोव्यातच छापलेल्या आपल्या ग्रंथात सापाच्या विषावरील मुळ्यांची आणि मुंगसाची हकीकत दिली आहे. सापाच्या विषावर ही मुळी चालत नाही. दंश झाला की रुग्णालय आणि तेथील प्रतिविषाचे इंजेक्शन, याला दुसरा पर्याय नाही. ही गोष्ट आरंभीच सांगितली पाहिजे, कारण जुन्या ज्ञानाचा अभिमान बाळगताना त्यातले काय टिकले व काय टिकले नाही हे पाहण्याची सवय आपल्यात कमीच आहे.

युनानी हे नाव ग्रीसवरून आले. बुक्रात, जालिनूस आणि इब्न सीना ही तिची थोर नावे. परंतु ही चिकित्सा हिंदुस्थानात आली तेव्हा हकिमांनी डोळे मिटून घेतले नाहीत. सिकंदर लोदीच्या काळात, १५१२ साली, मियाँ भुवा यांनी वैद्यांच्या संस्कृत ग्रंथांचा आधार घेऊन ‘मअदन-उश्-शिफा’ हा फारसी ग्रंथ सिद्ध केला. इथली माती, इथला झाडपाला आणि इथली माणसे यांना धरूनच युनानी येथे वाढली. असरोल हे त्या देवघेवीचेच फळ. असरोल आणि काळी मिरी यांच्या ‘दवा-उश्-शिफा’ नावाच्या गोळ्या युनानी दवाखान्यांत चालत आल्या आहेत. निद्रानाश, उन्माद आणि पुढे रक्तदाब यांवर त्या देत.

ही मुळी प्रयोगशाळेत कशी गेली, हे समजण्यासाठी दिल्लीच्या बल्लीमारान मोहल्ल्यातील शरीफ मंझिलमध्ये जावे लागते. तेथे १८६८ साली हकीम अजमल खान यांचा जन्म झाला. घराणे पिढीजात हकिमांचे, कीर्ती दूरवर पसरलेली. अशा माणसाने वाडवडिलांची नुसखावही छातीशी धरून बसावे, हेच त्या काळी स्वाभाविक होते. अजमल खानांनी उलट केले. १९०९ साली त्यांनी स्त्रियांसाठी आणि सुइणींसाठी जनाना तिब्बी मदरसा सुरू केला. १९११ साली ते युरोपात जाऊन तेथील इस्पितळे पाहून आले. लंडनमध्ये चेअरिंग क्रॉस इस्पितळात त्यांची गाठ एका तरुण हिंदी सर्जनशी पडली. हेच डॉ. मुख्तार अहमद अन्सारी. नागपूरकरांनी हे नाव लक्षात ठेवावे, कारण डिसेंबर १९२० मध्ये येथे भरलेल्या मुस्लिम लीगच्या अधिवेशनाचे अध्यक्ष तेच होते. त्याच आठवड्यात नागपूरच्या काँग्रेस अधिवेशनाने असहकाराच्या ठरावावर शिक्कामोर्तब केले आणि सरकारी शाळा-कॉलेजे सोडून राष्ट्रीय शिक्षणसंस्था उभारण्याचा विचार देशभर पसरला. एक हकीम, एक पाश्चात्त्य विद्येचा डॉक्टर. दोघांचा स्नेह आयुष्यभर टिकला आणि जामिया मिल्लियाच्या उभारणीत दोघेही होते. जामियाचे पहिले कुलपती हकीमसाहेब.

दिल्लीच्या करोलबागेतील आयुर्वेदिक व युनानी तिब्बिया कॉलेज ही त्यांची सर्वांत मोठी कमाई. पायाभरणी १९१६ साली व्हाइसरॉय लॉर्ड हार्डिंग्ज यांच्या हस्ते झाली. पण काळ असा बदलला की उद्घाटनासाठी, १३ फेब्रुवारी १९२१ रोजी, गांधीजी आले. एकाच छताखाली आयुर्वेद आणि युनानी शिकविण्याची कल्पना तेव्हाही सर्वांना रुचणारी नव्हती. खर्चाचा मोठा भार हकीमसाहेबांच्याच हिंदुस्थानी दवाखान्याच्या उत्पन्नाने उचलला. गांधीजींनी त्या दिवशी नुसती स्तुती केली नाही. पाश्चात्त्य शास्त्रज्ञांच्या शोधक वृत्तीला त्यांनी मानवंदना दिली आणि आपले वैद्य-हकीम ती वृत्ती दाखवीत नाहीत, जुन्या सूत्रांमागे ते निमूट चालतात, असे यजमानांसमोरच ऐकविले. समारंभात असे बोलणारे पाहुणे हल्ली मिळत नाहीत, आणि मिळाले तर पुन्हा कोणी बोलावीत नाही.

हकीमसाहेबांच्या मनात हाच विचार आधीपासून घोळत होता. त्याला हातपाय फुटले ते सलीमुज्जमान सिद्दिकी या तरुणामुळे. बाराबंकी जिल्ह्यातील सुबेहा येथे १८९७ साली जन्मलेला हा मुलगा अलिगढला शिकला, तोही तत्त्वज्ञान आणि फारसी. चित्रे उत्तम काढी. आजच्या पालकाच्या दृष्टीने पाहिले तर हा ‘विषय चुकलेला’ विद्यार्थी. परंतु लंडनला जाऊन तो रसायनशास्त्राकडे वळला, तेथून जर्मनीतील फ्रँकफर्टला गेला आणि १९२७ साली डॉक्टरेट मिळवून परतला. तेथील शिक्षणात त्याला हकीमसाहेबांचे पाठबळ होते. परत आल्यावर तिब्बिया कॉलेजातच संशोधनसंस्था उभारण्याचे काम त्याच्यावर सोपविण्यात आले. त्याच वर्षाच्या अखेरीस, २९ डिसेंबर १९२७ रोजी, हकीम अजमल खान यांचे निधन झाले. ज्या कामासाठी त्यांनी हा तरुण घडविला, त्याचे फळ पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते.

सिद्दिकींनी हाती घेतली ती असरोलची मुळी. विद्यार्थ्यांसाठी येथे थोडा खुलासा करतो. वनस्पतीत हजारो पदार्थ असतात. त्यांपैकी अगदी थोडे शरीरावर ठळक परिणाम करतात. अशांपैकी नायट्रोजनयुक्त, बहुधा कडू, आम्लाशी संयोग पावणाऱ्या पदार्थांना अल्कलॉइड म्हणतात. सिंकोनाच्या सालीतील क्विनीन आणि अफूतील मॉर्फीन ही परिचयाची उदाहरणे. असरोलच्या वाळलेल्या मुळीत सर्व अल्कलॉइड मिळून साधारण एक ते दोन टक्केच असतात. मुळीची पूड मद्यार्कात भिजवायची, अर्क आटवायचा, आम्ल व अल्कली आलटून-पालटून वापरून एकेक घटक वेगळा करायचा आणि शेवटी शुद्ध स्फटिक मिळेपर्यंत धीर धरायचा. १९३१ साली सलीमुज्जमान आणि रफत हुसेन सिद्दिकी यांनी पाच अल्कलॉइड जाहीर केले. दोघांना वनस्पतीच्या शास्त्रीय नावावरून सर्पेंटीन व सर्पेंटिनीन अशी नावे मिळाली. उरलेल्या तिघांची नावे अजमलीन, अजमलिनीन आणि अजमलिसीन. शोध लावणाऱ्याने स्वतःचे नाव न देता, जो हे पाहायला उरला नव्हता त्या हकिमाचे नाव दिले.

त्याच १९३१ साली कलकत्त्यास गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी उन्माद आणि रक्तदाब यांवर या मुळीचा गुण येतो असा लेख प्रसिद्ध केला. गणनाथ सेन हे कविराजही होते व पाश्चात्त्य वैद्यकही शिकलेले होते. १९३४ मध्ये देहरादूनच्या हिमालया कंपनीने, मोहम्मद मनाल यांनी १९३० साली स्थापन केलेल्या, या मुळीच्या ‘सर्पिना’ नावाच्या गोळ्या बाजारात आणल्या. डॉक्टर त्या लिहून देऊ लागले. पण जगाला पटेल असा पुरावा अजून नव्हता.

तो मुंबईहून आला. के. ई. एम. रुग्णालयातील हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी उच्च रक्तदाबाचे ५० रुग्ण निवडले, त्यांचा दाब आधी मोजला, औषध देऊन पुन्हा मोजला, आणि ऑक्टोबर १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये ते आकडे छापले. नवी मुळी नाही, नवी गोळी नाही. नवे होते ते मोजमाप. त्या एका लेखाने अमेरिका आणि युरोप जागे झाले. १९५७ साली अमेरिकेचा लास्कर पुरस्कार ज्यांना मिळाला त्यांत डॉ. वकील होते आणि न्यूयॉर्कजवळच्या मनोरुग्णालयात हेच औषध वापरणारे डॉ. नेथन क्लाइनही होते.

आता या कथेतील बोचणारा भाग. मुळीतील सर्वांत प्रभावी द्रव्य रिसर्पिन हे दिल्लीत सापडले नाही, कलकत्त्यातही नाही. ते १९५२ साली स्वित्झर्लंडच्या बाझल शहरात, सिबा कंपनीच्या प्रयोगशाळेत, म्यूलर, श्लिटलर आणि बाइन यांना मिळाले. सिद्दिकींच्या हाती आले ते सुबक स्फटिक होणारे पदार्थ. गुंगी आणणारा गुण मात्र उरलेल्या चिकट, राळेसारख्या भागात दडला होता. कलकत्त्याच्या संशोधकांनी १९४४ साली बिहारच्या मुळीतील राळेचा हा गुण नोंदवूनही ठेवला होता. म्हणजे दार सापडले होते, ते उघडायला हवी होती ती साधने आणि एका जागी बसणारी माणसे. दिल्लीत रसायनज्ञ होता, कलकत्त्यात औषधाचा परिणाम प्राण्यांवर तपासणारे होते, मुंबईत रुग्णशय्येजवळ आकडे लिहिणारा डॉक्टर होता; बाझलला या तिघांचे काम एका इमारतीत चाले. बुद्धीची उणीव होती असे मला मुळीच वाटत नाही.

रिसर्पिनने पुढे जे दाखविले ते रक्तदाबापेक्षाही मोठे ठरले. मज्जातंतूंच्या टोकाशी नॉरअॅड्रिनलिन, सेरोटोनिन व डोपामिन यांचे छोटे साठे असतात. रिसर्पिन ते साठे भरू देत नाही. रक्तवाहिन्या सैलावतात, मन शांत होते. याच साठ्यांचा अभ्यास करताना स्वीडनच्या आर्विद कार्लसन यांनी १९५७ च्या सुमारास रिसर्पिनने निश्चल झालेले ससे एल-डोपा देऊन पुन्हा हालते केले. कंपवाताच्या आजच्या उपचाराचा पाया त्यातून घातला गेला आणि २००० साली त्यांना नोबेल मिळाले.

तथापि साठे रिकामे झाले की किंमतही मोजावी लागते. काही रुग्णांना खोल औदासीन्य आले, नाक चोंदणे, पोटातील व्रण, दाब फार उतरणे हे दोष दिसले. अधिक सोयीची औषधे आल्यावर रिसर्पिन मागे पडले. त्याची मात्रा पाव मिलिग्रॅमसारखी असते हे ध्यानात घेतले, म्हणजे बाजारची पूड चमच्याने घेणे किती धोक्याचे आहे ते कळते. बिहारच्या व देहरादूनच्या मुळीतही घटकांचे प्रमाण सारखे नसते. पुष्कळदा तर याच कुळातील दुसऱ्या झाडाची मुळी तिच्यात मिसळलेली असते. वाळलेली मुळी नुसत्या डोळ्यांनी ओळखणे मुरलेल्या माणसालाही जड जाते. घरातील वडीलधारी मंडळी रक्तदाबाच्या चालू गोळ्या बंद करून ‘आपली देशी’ म्हणून असरोल सुरू करतात, असे प्रसंग मी पाहिले आहेत. हकीम असो वा डॉक्टर, दाब मोजून औषध देणाऱ्या जाणकारालाच विचारावे. गरोदर स्त्रिया आणि औदासीन्याचा त्रास झालेले यांनी तर हिला हातच लावू नये.

अजमलीनचे भाग्य मात्र निराळे निघाले. हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडली असता ते उपयोगी पडते असे आढळले. १९९२ साली ब्रुगाडा बंधूंनी अकस्मात मृत्यू ओढविणारा एक हृदयविकार वर्णिला. नेहमीच्या हृदयालेखात तो पुष्कळदा दिसत नाही. रुग्णाला शिरेतून अजमलीन देऊन हृदयालेख घेतला तर लपलेली खूण प्रकट होते. युरोपातील हृदयरोग केंद्रांत ही चाचणी आजही ‘अजमलीन चाचणी’ म्हणूनच ओळखली जाते. ती करणाऱ्या कित्येक डॉक्टरांना आपण बल्लीमारानच्या एका हकिमाचे नाव उच्चारतो आहोत, याची कल्पनाही नसेल.

सिद्दिकी १९४० साली सरकारी संशोधन मंडळाकडे गेले, कडुनिंबातून त्यांनी निंबिन व निंबिडिन वेगळे केले, १९५१ मध्ये कराचीला स्थायिक झाले आणि १९९४ साली वारले. नागपुरातही रसायनशास्त्राला असा दाता लाभला होता: दानशूर लक्ष्मीनारायण यांच्या देणगीतून १९४२ साली उभी राहिलेली संस्था अमरावती मार्गावर आजही आहे, आणि तेथे आपली मुले-मुली शिकतात.

राहता राहिली ती मुळी. पन्नाशीच्या दशकात परदेशी कारखान्यांची मागणी एवढी वाढली की जंगले खणून निघू लागली. सरकारने मुळ्यांच्या निर्यातीवर निर्बंध घातले आणि कारखानदार आफ्रिकेतील तिच्या भावंडाकडे वळले. १९९० पासून तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर कराराने नियंत्रण आहे. पान तोडले तर झाड उरते, फळ काढले तरी उरते. येथे औषध मुळातच असल्यामुळे प्रत्येक खणणीबरोबर एक झाड जाते. लागवड करणारे दीड ते दोन वर्षे थांबून मुळ्या काढतात. जंगलातून आणणारा थांबत नाही.