गुप्तसंचाराचे खेळ : वास्तवता आणि रंजकता (१९८१–२०१८)

व्हिडिओ खेळांचे जे अनेक वर्ग आज रूढ आहेत, त्यांत ‘स्टेल्थ’ या नावाने ओळखला जाणारा वर्ग एका बाबतीत विलक्षण आहे. अन्य साहसी खेळांत शत्रू दिसला की त्याच्यावर चाल करून जावयाचे असते. येथे शत्रूच्या दृष्टीस न पडणे हाच पराक्रम मानला जातो. अंधारातून सरकणे, पावलांचा आवाज होऊ न देणे, पहारेकरी पाठ फिरवील त्या क्षणाची वाट पाहणे, वेष पालटून त्याच्यासमोरून निघून जाणे, ही या खेळांतील मुख्य कर्मे होत. मराठीत त्यांना गुप्तसंचाराचे खेळ म्हणता येईल.

या खेळांवर एक आक्षेप वारंवार घेतला जातो. दहा पावलांवर उभा असलेला पहारेकरी अंधारातील माणसाला पाहत नाही. खडखडाट ऐकून तो शोधावयास निघतो, पण काही मिनिटांतच ‘उंदीर असेल’ अशा अर्थाचे काहीतरी पुटपुटून आपल्या जागी परततो. सहकारी निपचित पडलेला आढळला, तरी थोड्या वेळाने पुन्हा पूर्ववत फेऱ्या घालू लागतो. असा पहारा जगात कोठे असतो काय, हा प्रश्न रास्त आहे. परंतु त्याच्या पोटी एक गृहीत दडलेले आहे. ते असे की, खेळ जितका वास्तवाच्या जवळ तितका तो सरस, आणि म्हणून या खेळांचा इतिहास म्हणजे यंत्रशक्तीच्या वाढीबरोबर वास्तवाच्या दिशेने झालेली वाटचाल. इतिहासाचा पुरावा या गृहीताला कितपत आधार देतो, हे तपासून पाहणे अगत्याचे आहे.

१

या वर्गाचा प्रारंभ सामान्यतः १९८१ च्या सुमारास मानला जातो. त्या वर्षी म्यूज सॉफ्टवेअर या अमेरिकन कंपनीने सायलस वॉर्नर यांचा ‘कॅसल वुल्फेनस्टाइन’ हा खेळ अ‍ॅपल २ या संगणकासाठी प्रसिद्ध केला. नाझींच्या किल्ल्यात अडकलेल्या कैद्याने युद्धाच्या गुप्त योजना हस्तगत करून निसटावयाचे, हा त्याचा विषय. कैद्याजवळच्या गोळ्या मोजक्या असत; त्यामुळे प्रत्येक दालनात लढत बसणे परवडत नसे. शत्रूचा गणवेष मिळाल्यास सामान्य पहारेकरी फसत. एसएसचे सैनिक मात्र फसत नसत, आणि ते एका दालनातून दुसऱ्या दालनात पाठलागही करीत. चित्रे ओबडधोबड होती. माणूस म्हणजे चार-दोन रंगीत ठिपक्यांची आकृती. तरीही कोणाला फसविता येते आणि कोणाला येत नाही हा भेद खेळाडूला एकदा कळला की त्याला योजना आखता येत असे.

सहा वर्षांनी, १९८७ मध्ये, जपानमध्ये हिदेओ कोजिमा यांचा ‘मेटल गियर’ हा खेळ कोनामी कंपनीने एमएसएक्स २ या संगणकासाठी काढला. कोजिमा यांच्याकडे युद्धाचा खेळ तयार करण्याचे काम आले होते. परंतु त्या यंत्राला पडद्यावर एकाच वेळी फार हलत्या आकृती दाखविता येत नसत. सैन्य दाखविता येत नाही, तर थोड्या शत्रूंना चुकविण्याचा खेळ करावा, असा मार्ग त्यांनी काढला. म्हणजे वास्तव युद्धाचे चित्र काढण्याची असमर्थता हीच या महत्त्वाच्या खेळाची जननी ठरली. त्यातील पहारेकऱ्याची दृष्टी केवळ सरळ रेषेत जाई. त्या रेषेत कोणी आला की त्याच्या डोक्यावर उद्गारचिन्ह उमटे: एक उमटल्यास धोका त्या पडद्यापुरता, दोन उमटल्यास कुमक येणार. मनुष्याच्या डोक्यावर उद्गारचिन्ह उमटणे यापेक्षा अवास्तव ते काय असावयाचे? तथापि पहारेकऱ्याच्या मनात काय घडले, ते त्या एका खुणेने निःसंदिग्धपणे कळत असे.

याच्या उलट उदाहरण १९९२ चे आहे. आयडी सॉफ्टवेअर या अमेरिकन कंपनीने ‘कॅसल वुल्फेनस्टाइन’चे नाव घेऊन ‘वुल्फेनस्टाइन ३डी’ हा खेळ निर्माण केला. येथे किल्ला प्रथमच नायकाच्या डोळ्यांनी दिसू लागला. दृश्याच्या दृष्टीने वास्तवाकडे टाकलेले ते मोठेच पाऊल होते. जुन्या खेळाप्रमाणे मृतांची झडती घेणे, प्रेते ओढून लपविणे अशा क्रिया त्यात ठेवण्याचा कर्त्यांचा मूळ बेत होता. परंतु त्यांनी वेग मंदावतो असे आढळल्यावर त्या काढून टाकण्यात आल्या, आणि उरला तो धावण्याचा व गोळ्या झाडण्याचा खेळ. दृश्य वास्तव झाले आणि गुप्तसंचार लोपला. या दोन गोष्टी हातात हात घालून चालत नाहीत, हे येथे स्पष्ट दिसते.

२

मग या वर्गाची खरी वाढ कशात झाली? पुरावा पाहता ती एका मधल्या अवस्थेच्या वाढीत झाली असे दिसते. अज्ञात राहणे आणि उघडकीस येणे या दोन टोकांच्या मध्ये संशयाची एक भूमी असते. पहारेकऱ्याला काहीतरी जाणवले आहे, पण काय ते उमगलेले नाही. खेळाडूकडून चूक झाली आहे, पण ती सावरण्यास अवकाश आहे. आरंभीच्या खेळांत ही भूमी अरुंद होती. १९९० च्या ‘मेटल गियर २ : सॉलिड स्नेक’मध्ये पहारेकऱ्याची दृष्टी रुंदावली, त्याला आवाज ऐकू येऊ लागला आणि तो एका पडद्यावरून दुसऱ्या पडद्यावर जाऊ लागला. मात्र त्याच वेळी त्याचे ठिकाण दाखविणारे रडारही खेळाडूच्या हाती देण्यात आले. पहारेकऱ्याची इंद्रिये जितकी तीक्ष्ण झाली, तितकी ती जाणून घेण्याची साधनेही वाढविली गेली. हा समतोल लक्षात घेण्यासारखा आहे.

१९९८ हे वर्ष या इतिहासात मध्यवर्ती होय. त्या वर्षी जपानमध्ये ‘तेन्चू’ आणि ‘मेटल गियर सॉलिड’, स्पेनमध्ये ‘कमांडोज : बिहाइंड एनिमी लाइन्स’ आणि अमेरिकेत ‘थीफ : द डार्क प्रोजेक्ट’ असे चार खेळ निघाले. ‘मेटल गियर सॉलिड’मधील सैनिक बर्फावरचे पाऊलठसे पाहून माग काढीत, पण त्यांची दृष्टी काही पावलांपलीकडे पोहोचत नसे, आणि तिचा शंकू रडारवर आखून दाखविलेला असे. ‘कमांडोज’मध्ये पहारेकऱ्याच्या दृष्टीचा हिरवा पट्टा जमिनीवर दिसे, त्याच्या दूरच्या भागातून सरपटत जाणारा माणूस सुरक्षित राही.

यांपैकी वास्तवाचा सर्वांत गंभीर विचार केला तो मॅसॅच्युसेट्स राज्यातील लुकिंग ग्लास स्टुडिओजच्या ‘थीफ’ने. त्यात गालिच्यावरील पाऊल जवळजवळ नि:शब्द असे, फरशीवरचे वाजे, धातूच्या पत्र्यावरचे खणखणे. प्रकाश किती पडला आहे, चोर हलत आहे की स्थिर आहे, यांवरून त्याची दृश्यता ठरे. अनेक कामगिऱ्यांत सर्वांत कठीण पातळीवर मनुष्यहत्येला बंदी असे. त्यामुळे तलवारीपेक्षा धीर अधिक मोलाचा ठरे. असे असूनही पडद्याच्या तळाशी एक रत्न ठेवलेले होते, आणि ते किती उजळले यावरून आपण किती दिसत आहोत हे खेळाडूला कळे. वास्तव जगात कोणत्याही चोराजवळ असे रत्न नसते. या खेळाच्या संवेदनयंत्रणेचे विवरण टॉम लेनर्ड यांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केले. त्यावरून असे दिसते की, पहारेकऱ्याला दृष्टीचे एक नव्हे तर अनेक शंकू दिलेले होते, आणि त्याची जाणीव ठरावीक पायऱ्यांनी चढत व उतरत असे. या पायऱ्या म्हणजेच संशयाची विस्तारलेली भूमी. सारा आनंद तेथे वसतो: श्वास रोखून कोपऱ्यात उभे राहणे, मशाल जवळ येणे आणि पुन्हा दूर जाणे.

३

रॉजे काय्वा या फ्रेंच विचारवंताने १९५८ साली खेळांची मीमांसा करताना असे प्रतिपादन केले होते की, खेळ हे एक तर नियमबद्ध असतात, नाही तर कल्पित सोंगाचे असतात. एकाच वेळी दोन्ही नसतात. बुद्धिबळाला नियम असतात, तेथे सोंगाची गरज नसते. मुले राजा-प्रधान होतात, तेथे नियम नसतात. गुप्तसंचाराचे खेळ या विधानाला मोठा अपवाद आहेत. त्यांत सोंग आहे आणि काटेकोर नियमही आहेत. त्यांच्या वास्तवतेविषयीचा वाद येथूनच उत्पन्न होतो. सोंगाच्या बाजूने पाहणाऱ्याला पहारेकरी माणूस वाटतो आणि त्याचे विस्मरण खटकते; नियमांच्या बाजूने पाहणाऱ्याला तो पटावरील मोहऱ्यासारखा वाटतो आणि त्याचे विस्मरण हा एक नियम ठरतो.

हा तिढा सोडविण्यास भरताच्या नाट्यशास्त्रातील एक जुना भेद उपयोगी पडतो. तेथे लोकधर्मी आणि नाट्यधर्मी अशा प्रयोगाच्या दोन रीती सांगितल्या आहेत. लोकव्यवहारात जसे घडते तसे दाखविणे ही लोकधर्मी. रंगभूमीच्या संकेतांनी दाखविणे ही नाट्यधर्मी. जवळ उभ्या असलेल्या पात्राचे बोलणे दुसऱ्या पात्राला ऐकू न येणे आणि न बोललेले ऐकू येणे, हे नाट्यधर्मीचेच लक्षण मानले आहे. प्रेक्षक त्यास दोष मानीत नाही, कारण त्या संकेतावाचून पात्राचे मन त्याला दिसणार नाही. ‘थीफ’मधील पहारेकरी आपला संशय मोठ्याने बोलून दाखवितो, ते एक स्वगतच होय. कोजिमांचे उद्गारचिन्ह, ‘थीफ’चे रत्न, २००२ च्या ‘स्प्लिंटर सेल’मधील नायकाच्या चष्म्याचे ते तीन हिरवे दिवे, जे खेळाडूला दिसतात पण शत्रूला कधीच दिसत नाहीत, हे सर्व नाट्यधर्मी संकेत आहेत. बर्फावरील पाऊलठसे व फरशीवरील पदरव हे लोकधर्मी. ज्या लोकधर्मी तपशिलावरून खेळाडूला अनुमान करता येते तो टिकतो. ज्याने केवळ ओझे वाढते तो गळून पडतो, असा नियम या इतिहासातून निघतो.

वेषांतराच्या खेळांत तर हे अधिकच उघड होते. कोपनहेगनच्या आयओ इंटरॅक्टिव्हने २००० साली ‘हिटमॅन’ मालिका सुरू केली. २०१८ च्या ‘हिटमॅन २’मध्ये मुंबईचा एक भाग आहे, गर्दीने भरलेल्या गल्ल्या, कपडे धुण्याची जागा, चित्रपटाचे चित्रीकरण असा तेथील देखावा मोठ्या बारकाईने उभा केलेला आहे. त्यात मुंडित मस्तकाचा, मानेमागे बारकोड कोरलेला एक गोरा परदेशी माणूस केवळ कपडे बदलतो, आणि मुंबईकरांना तो आपल्यातलाच वाटतो! यावर मुंबईच्या वाचकाला हसू येणे साहजिक आहे. पण खेळात ते हसू रसभंग करीत नाही. वेष कोणाला फसवील आणि कोणाला नाही, हे डोक्यावरील पांढऱ्या ठिपक्याने आधीच सांगितलेले असते. १९८१ मधील सामान्य पहारेकरी आणि एसएस सैनिक यांच्यातील भेदच सदतीस वर्षांनी मुंबईच्या गर्दीत पुन्हा अवतरला आहे.

४

वास्तववाद्यांची बाजू मात्र सर्वस्वी टाकाऊ नाही. सर्वच दाखवून टाकले तर भय उरत नाही. २००९ च्या ‘बॅटमन : अर्कम असायलम’मध्ये एक विशेष दृष्टी स्वीकारली की भिंतीआडचे शत्रू स्पष्ट दिसतात, अशा ठिकाणी पहारेकरी हा केवळ सोडवावयाच्या गणितातील एक संख्या होऊन राहतो. उलट २०१४ च्या ‘एलियन : आयसोलेशन’मध्ये पाठलाग करणाऱ्या प्राण्याची फेरी ठरलेली नाही, तो केव्हा कोठून येईल ते सांगता येत नाही, आणि त्याची भीती खरीखुरी वाटते. परंतु तीही कृत्रिम व्यवस्थेची निर्मिती आहे. त्या खेळात एक नियंता पडद्याआड असतो. खेळाडू कोठे आहे हे त्याला ठाऊक असते, तो त्या प्राण्याला इशारे देतो आणि ताण फार वाढला की त्याला दूरही पाठवितो. वास्तवाचा भास येथेही संकेतानेच साधला आहे. फरक इतकाच की तो संकेत झाकून ठेवलेला आहे.

या दोन पक्षांचा मेळ क्ले एंटरटेनमेंट या कॅनेडियन कंपनीच्या २०१२ मधील ‘मार्क ऑफ द निंजा’ या खेळात दिसतो. त्यात प्रत्येक आवाज किती दूर पोहोचेल ते वर्तुळाने दाखविलेले असते. अंधारातील नायक काळ्या आकृतीसारखा, तर उजेडातील रंगीत दिसतो. नियमांबद्दल कोणताही संदेह ठेवलेला नाही. खेळ एकदा पूर्ण केल्यावर मात्र दुसरा, कठीण प्रकार खुला होतो. त्यात आवाजाची वर्तुळे नाहीशी होतात आणि नायक ज्या दिशेला पाहत असेल तेवढेच खेळाडूला दिसते. म्हणजे आधी नियम शिकवावयाचा आणि तो अंगवळणी पडल्यावर त्याची खूण काढून घ्यावयाची. अज्ञान येथेही आहे, पण ते नियमाचे नसून परिस्थितीचे आहे.

यावरून जो निष्कर्ष निघतो तो असा. गुप्तसंचाराच्या खेळात संशय पहारेकऱ्याच्या मनात असावयास हवा. खेळाडूच्या मनात नियमांविषयी संशय असता कामा नये. पहारेकरी पुढे काय करील याची धाकधूक रंजक असते. त्याने आपल्याला का पाहिले हे न कळणे केवळ चीड आणते. वास्तवातील पहारा म्हणजे बहुधा दीर्घ कंटाळा, आणि वास्तवातील चूक एकदाच घडते. खेळ या दोहोंचा त्याग करतो आणि त्यांच्या जागी चूक सावरण्याची संधी ठेवतो. म्हणून पहारेकऱ्याचे विस्मरण हा अपुऱ्या यंत्राचा अवशेष नव्हे. यंत्रे कितीतरी पटींनी समर्थ झाल्यावरही ते टिकून राहिले आहे, कारण ते गेले तर पहिल्याच चुकीसरशी खेळ संपेल. या कलाप्रकाराच्या इतिहासकाराने प्रत्येक नव्या खेळाला वास्तवाच्या गजाने मोजण्याऐवजी त्याने संशयाची भूमी किती रुंद केली आणि तीत उभे राहण्याचे कोणते साधन खेळाडूला दिले, हे पाहावयास हवे.